पुलापलीकडचा भाऊ

गावाखालच्या दगडी पायऱ्या उतरायला लागून फार वेळ झाला नव्हता, तरी फिडालिया एका रुंद पायरीवर टेकली. पाठीवरची टोपली तिनं उतरवली नाही. कपाळावरचा पट्टा काढायचा आणि उठताना पुन्हा चढवायचा, एवढंसुद्धा तिच्या जिवावर आलं होतं. टोपलीचं बूड मागच्या पायरीवर टेकवून, मान पुढे काढून ती तशीच बसून राहिली. खाली दरीतून नदीचा आवाज येत होता. हिवाळ्यातली नदी, तिला काही घाई नव्हती.

लाइतस्तेम गावात फिडालियाला तिच्या नावानं हाक मारणारे थोडेच होते. बाकी सगळ्यांची ती ‘धाकटी’. त्यांच्या रीतीत आईमागं घर धाकट्या मुलीचं असतं, म्हणून मग घरातलं सगळंच तिचं असतं. चूल तिची, देवधर्म तिचा, म्हातारी माणसं तिची, कुणाचं आजारपण असलं तर तेही तिचं. नवरा दोन पावसाळे तिच्या घरात टिकला, मग चुनखडीच्या खाणीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. पुढे आई सुपारीच्या बागेत घसरून पडली आणि कमरेखालची गेली. ती अंथरुणाला खिळल्यावर किती पावसाळे आले-गेले हे मोजायचं फिडालियानं सोडून दिलं होतं. आईला पाणी हवं असलं, कूस बदलायची असली किंवा नुसतं कुणी जवळ हवं असलं, की ती काठीनं बांबूच्या भिंतीवर ठोकायची. टक टक. दिवसा, रात्री, जेवताना, आंघोळ करताना.

पाऊस सरता सरता आई गेली. चितेला अग्नी देऊन झाल्यावर गावातल्या बायका फिडालियाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, आता सुटलीस, आता जरा आराम कर. आणि त्याच महिन्यात एका मावसभावाचा पाय मोडला. लोकांनी त्याला पाठीवर घातलं आणि सरळ फिडालियाच्या ओसरीत आणून निजवलं. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं काय, धाकटीचंच घर. पाय जुळून तो चालत आपल्या घरी गेला त्या दिवशी फिडालियानं ओसरी झाडली आणि ती चुलीपुढे बसली. चूल पेटवायची होती, लाकडं समोर होती, पण हात काही पुढे होईना. अंधार पडला तरी ती तशीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या बहिणीकडे, थेलिनकडे गेली.

“काँग,” तिनं थोरलीला हाक मारली, “मला घर नको.”

“कुठलं घर?” थेलिन सुपारी सोलत होती.

“आपलं. तुझ्या लेकीला, दाफीला दे. माझ्यामागं तिच्याकडंच जायचंय ना? मग आत्ताच घेऊ दे.”

थेलिननं कोयता खाली ठेवला. “घर म्हणजे काय ओलं फडकं आहे, ह्या खांद्यावरून काढलं नि त्या खांद्यावर टाकलं? अगं, जन्म देणाऱ्या मेइची राख अजून थंड व्हायचीय.”

“माझ्या अंगात काही उरलं नाही, काँग.”

“सगळ्यांच्याच अंगात काही उरत नाही. म्हणून कुणी घर सोडतं?” थेलिननं सोललेल्या सुपाऱ्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, “असली गोष्ट बायका-बायकांत ठरत नसते. मामाचा शब्द लागतो. जुने मामा सगळे गेले, आता मुलांचा मामा म्हणजे आपला किटबोक. तो हो म्हणाला तर बघू.”

तो हो म्हणणार नाही, अशी थेलिनची खात्री होती, आणि ती तिनं लपवली नाही.

किटबोक भावंडांत सगळ्यांत थोरला. लग्न करून तो नदीपलीकडे रिमवारला बायकोच्या घरी राहायला गेला, त्याला जन्म लोटला. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको वारली. आईच्या अंत्यविधीला तो आला, थोरल्या पुरुषानं करायचं ते सगळं त्यानं केलं आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. आई अंथरुणावर असताना मात्र तो फार क्वचित यायचा. पायऱ्या फार आहेत, म्हणायचा.

पायऱ्या खरंच फार होत्या. फिडालिया उठली आणि पुन्हा उतरायला लागली. तमालपत्राचा भारा पाठीवर घेऊन काँग ड्रिमा खालून वर येत होती. शेजारच्याच आळीतली, फिडालियाच्या बरोबरीची, तरी मानानं काँग. तिला पाहून ड्रिमा दगडाला टेकली.

“धाकटी आणि खाली? आज कुणाला उचलून आणायला निघालीस?”

“थोरल्याकडे, बा किटबोककडे चाललेय.”

“मग रिमवारपर्यंत चढू नकोस. तो पुलाशीच असतो.”

“पुलाचं काम काढलंय का?”

“काम असतंच त्याचं. पण राहतोही तिथंच. सुपारीच्या राखणीची झोपडी आहे ना पलीकडे, तिच्यात. पाऊस संपल्यापासून.” ड्रिमानं तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला ठाऊक नाही? तुम्ही भावंडं एकमेकांना निरोपबिरोप पाठवत नाही का?”

“आमच्यात निरोप पाठवायला कुणीतरी मरावं लागतं.”

ड्रिमा हसली, मग हसू आवरलं. कमरेच्या पिशवीतून तिनं चुना लावलेलं पान आणि ओल्या सुपारीची फोड काढून फिडालियाच्या हातावर ठेवली. “खा. घाम आला की जरा बरं वाटेल,” असं म्हणून ती भारा सावरत वर निघाली.

उन्हं माथ्यावर आली तेव्हा फिडालिया पुलापाशी पोचली. ती इथं शेवटची आली होती ती आई चालती-फिरती असताना. लहानपणी इथून रोज जाणं-येणं होतं, त्यामुळे पूल म्हणून ती त्याच्याकडे कधी बघतच नसे. पायाखाली असायचा तो. आज तिनं पाहिलं, कारण मधोमध किटबोक बसला होता आणि त्याला ओलांडून जाणं भाग होतं. रबराच्या झाडाची मांडीएवढी मुळं ह्या काठावरून त्या काठावर गेलेली, एकमेकांत गुंतून एक झालेली, मधल्या फटींत चपटे दगड. कठड्याची मुळं हाताला गार आणि गुळगुळीत लागत होती. किती पिढ्यांचे हात त्यांच्यावरून फिरले होते कोण जाणे.

किटबोक कोवळी मुळं जुन्या मुळांना गुंडाळून बांधत होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर शहरातले चार-पाच पाहुणे उभे होते. त्यातल्या एका मुलीनं फोन वर करून त्याला खुणेनं विचारलं, फोटो काढू का. त्यानं मान हलवली, हातातलं मूळ तसंच धरून कॅमेऱ्याकडे बघितलं, फोटो झाल्यावर पुन्हा खाली बघितलं. दातदुखीवाला माणूस वैद्यापुढे तोंड उघडतो तसं त्याचं चाललं होतं.

“बा,” फिडालियानं थोरल्या भावाला हाक मारली.

त्यानं वर पाहिलं. तो फार वाळला होता. गालाची हाडं वर आली होती आणि सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती सैल पडली होती.

“आलीस हेप,” तो म्हणाला. धाकट्या भावंडाला म्हणायचा तो शब्द तिनं फार दिवसांत ऐकला नव्हता. “मला ठाऊक होतं तू येशील. चल.”

त्यानं मूळ तसंच सोडलं आणि कठड्याला धरून उठला. उठायला त्याला वेळ लागला.

झोपडी पलीकडच्या काठावर, सुपारीच्या बागेच्या कडेला होती. बांबूची, उंच खांबांवर उभी, आत जेमतेम एक माणूस पाय पसरून निजेल एवढी. किटबोकनं लाल चहा ठेवला. फिडालियानं टोपलीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या मासळीची चटणी काढली. दोघं जेवायला बसले. तो हळूहळू चावत होता. जेवता जेवता फिडालियाचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं त्याची टोपली होती, काठोकाठ भरलेली, वरून घोंगडी घालून दोरीनं आवळून बांधलेली. शेजारी पावसाचं इरलं उभं करून ठेवलेलं.

“भरून ठेवलीय,” तो म्हणाला. “लेकीला सांगितलं होतं मी, धाकटी स्वतः येईल न्यायला. निरोप नाही पाठवायचा म्हटलं. घरच्या माणसानं घरी यायला निरोप कसला पाठवायचा?”

फिडालियानं हातातली भाकरी खाली ठेवली. तिनं चहाचा घोट घेतला.

“लेक वाईट नाही हां,” तो पुढे बोलत राहिला. “जावईही बरा आहे. पण तुझी वहिनी होती तोवर त्या घरात माझी जागा कुठली हे मला बघावं लागत नव्हतं. ती गेली आणि रोज विचारावं लागायला लागलं. इथं बसू का, हे घेऊ का. मग इथं येऊन राहिलो. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याचा पुलावर जीव आहे.” तो जरासा हसला. “मला ह्या पुलाचा कंटाळा आलाय, हेप. ते फोटो काढणारे येतात, मला पुलाचा राखणदार म्हणतात. मी मनात म्हणतो, घेऊन जा बाबांनो हा तुमच्या गावाला.”

मामा लोक बायको गेल्यावर बहिणीच्या घरी परत येतात, ही काही नवी रीत नव्हती. रस्ताभर फिडालियानं स्वतःची वाक्यं जुळवली होती. भाऊ रागावला तर काय म्हणायचं, देवधर्माचं विचारलं तर काय सांगायचं, सगळं ठरवलं होतं. पण तो वाट बघत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं.

“जरा पाठ टेकते, बा,” एवढंच ती म्हणाली.

“टेक की. ऊन उतरल्यावर बोलू.”

तिथल्या चटईवर ती आडवी झाली. भिंतीच्या फटींतून उन्हाचे पट्टे अंगावर आले होते. नदीचा आवाज होता, पाहुण्यांचं दूरचं बोलणं होतं. डोळे मिटून पडायचं आणि काय बोलायचं ते ठरवायचं, असा तिचा विचार होता.

तिला जाग आली तेव्हा उन्हाचे पट्टे गेले होते आणि तिच्या अंगावर घोंगडी होती. टोपलीवर आवळून बांधलेली तीच घोंगडी. किटबोक दारात पाठमोरा बसला होता. कुठं आहोत हे कळायला तिला वेळ लागला. कुणी भिंतीवर ठोकलं नव्हतं. अंग असं जड झालं होतं की तिला वाटलं आपण आजारी आहोत.

“बा, किती वेळ झाला?”

“झाला बराच. आता वर चढायचं म्हटलं तर वाटेत अंधार होईल. उद्या सकाळी निघू.”

‘निघू’ म्हणाला. फिडालिया उठून बसली आणि त्याच्या पाठीकडे बघत बोलली. समोरून बोलायला तिला जमलं नसतं.

“बा, मी तुला न्यायला आले नाही. मी घर सोडतेय. दाफीला द्यायचंय. काँग थेलिन म्हणाली तुझा शब्द लागतो, म्हणून आले.”

किटबोक वळला नाही. तो सुपारी कातरत होता, त्याचा हात थांबला नाही. बऱ्याच फोडी करून झाल्यावर तो म्हणाला, “मी यायचं म्हणतो तर तू निघालीस.”

“तू येणार हे मला ठाऊक नव्हतं.”

“आणि ठाऊक असतं तर?”

“तरी निघाले असते.”

“मेइचं सगळं केलंस. माझंच तेवढं जड झालं?”

हे ऐकून तिच्या आत काहीतरी पेटलं, पण ते पेटत ठेवायलाही तिच्यात पुरेसं सरपण नव्हतं. ती आवाज न चढवता म्हणाली, “मेइचं केलं म्हणूनच. तू किती वेळा आलास, बा? एकदा तरी तिला आंघोळीला उचललंस? तू आलास की ती म्हणायची, किटबोक आला, त्याला चांगलंचुंगलं कर. आणि मी कोंबडी कापत बसायची. तू जेवून जायचास. मग ती रात्रभर भिंत ठोकायची, किटबोक गेला का, किटबोक गेला का.”

त्यानं हातातली सुपारी खाली ठेवली.

“तू तिच्यापेक्षा हलका असशील,” ती म्हणाली, “पण माझ्यानं आता कुणालाच उचलवणार नाही. तू काही वाईट माणूस नाहीस. मी म्हणतेय ते तुझ्याबद्दल नाहीच.”

पलीकडून शेवटचे पाहुणे पुलावरून परत चालले होते, त्यांचे बूट मुळांवर घसरत होते. किटबोक त्यांच्याकडे बघत राहिला. “मला तिला तसं बघवायचं नाही,” तो शेवटी म्हणाला. “पायऱ्यांचं निमित्त सांगायचो. थकलो असायचो हेही खरं, पण पायऱ्या चढता आल्या असत्या.” मग त्यानं विचारलं, “जाणार कुठं?”

“सोहराला. काँग मेबीचं चहाचं दुकान आहे बाजारात, तिला माणूस हवंय. दुकानामागं खोली आहे.”

“म्हणजे पुन्हा चहाच करायचा. तो घरी करतच होतीस.”

“तिथं लोक चहा पितात आणि निघून जातात.”

किटबोक हसला. खरंखुरं, खांदे हलवून. हसता हसता त्याला खोकला आला आणि तिनं पाणी दिलं. ती रात्र तिनं झोपडीत काढली, तो बाहेर चुलीशी घोंगडी पांघरून निजला. ती पुन्हा झोपली. त्याला झोप लागली का, हे तिनं विचारलं नाही.

सकाळी तो म्हणाला, “एवढं एक हातावेगळं करून जाऊ.” काल सोडलेलं मूळ लोंबत होतं. सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडाची पन्हळ आडवी धरायची, त्यात मूळ घालायचं आणि पन्हळ जुन्या मुळाला बांधायची, म्हणजे ते सरळ पलीकडे वाढत जातं. लहानपणी हे काम तिच्याकडे असायचं, पन्हळ धरायचं. आताही तिनं ती धरली. त्यानं वेताच्या दोरीनं गाठी मारल्या. हे मूळ पलीकडे पोचून त्यावर कुणाचा तरी पाय पडेल तेव्हा आपण दोघंही नसू, असं काही त्यांच्या मनात आलं असलं तरी ते कुणी बोललं नाही. किटबोक फक्त म्हणाला, “पुढचं लेकीचा नवरा बघेल. त्याला गाठ नीट येत नाही, पण शिकेल.”

मग ते चढायला लागले. त्याची टोपली त्याच्याच पाठीवर होती. पहिल्या वळणावरच त्याचे पाय थरथरायला लागले. फिडालियाचा हात दोनदा पुढे झाला आणि दोनदा तिनं तो मागे घेतला. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “नको. तू नुसती पुढे चाल. मागं वळून बघू नकोस, मला लाज वाटते.” ती पुढे चालली. तो बसला की त्याचा श्वास तिला ऐकू यायचा, मग तीही बसायची, वरच्या पायरीवर, पाठ करून. वाटेत झाडूचं गवत घेऊन येणाऱ्या एका माणसानं म्हाताऱ्याची टोपली आपल्या भाऱ्यावर घेतली. किटबोकनं ती दिली. गावात पोचेपर्यंत दुपार कलली होती आणि दोघांनाही बोलायचं बळ नव्हतं.

बैठक दुसऱ्या दिवशी बसली, फिडालियाच्याच घरात, चुलीभोवती. थेलिन, तिची मुलगी दाफी, नात्यातली चार मोठी माणसं. चहा दाफीनं केला. ती नवी लग्न झालेली, जरा भांबावलेली मुलगी होती. ती सारखी मावशीकडे बघून घेत होती.

थेलिननं सुरुवात केली. “असं कधी झालं नाही आपल्यात. धाकटी म्हणून जन्माला आली आणि थकले म्हणते. आपली मेइ थकली नव्हती? तिची मेइ थकली नव्हती?”

फिडालिया उत्तर द्यायला तोंड उघडणार होती, पण किटबोक आधी बोलला. भिंतीला टेकून तो बसला होता, अजून पायांना पेटके येत होते.

“परवा ही माझ्या झोपडीत निजली,” तो म्हणाला. “दुपारची, नुसती पाठ टेकते म्हणून. मी दारात होतो. ऊन उतरलं तरी हलेना. मी दोन हाका मारल्या. मग मी आत जाऊन हिच्या नाकापुढे हात धरला.” तो थांबला. “श्वास चाललाय का बघायला. अंत्यविधीला आलो तेव्हा मी तसाच मेइच्या नाकापुढे धरला होता, ती गेलीय हे ठाऊक असून. तेव्हा मी सांगतो, थेलिन, आपल्या बायका थकत होत्या का नव्हत्या ते आपण कधी हात धरून बघितलं नाही. मी तरी नाही बघितलं.”

चुलीतलं ओलं लाकूड फुसफुसत राहिलं.

“माझी हरकत नाही,” तो म्हणाला. “घर दाफीचं. मी इथंच राहीन, दाफीला चालत असलं तर. आणि मला काही लागलं तर मी सगळ्यांना हाक मारीन. थेलिन, तुलाही.”

“मला कशाला,” थेलिन म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता.

दाफी हळूच म्हणाली, “मामा, मला स्वयंपाक फारसा येत नाही.”

“मला दातही फारसे नाहीत,” किटबोक म्हणाला. बायका हसल्या, आणि ते तिथंच ठरलं.

देवधर्माच्या वस्तू दाफीच्या हाती सोपवायला आठवडा गेला. त्यानंतर फिडालिया एका टोपलीत मावेल एवढं सामान घेऊन सोहराला गेली. तिथं गेल्यावर आपल्याला हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. कितीतरी दिवस ती दुकान बंद झाल्यावर खोलीत जाऊन नुसती पडून राहायची. शेजारच्या दुकानाची फळी वाऱ्यानं वाजली की ती दचकून उठून बसायची, पाय जमिनीवर टेकलेले असायचे, मग लक्षात यायचं. काँग मेबी म्हणायची, तू काम बरं करतेस पण बोलत नाहीस. फिडालिया म्हणायची, बोलेन.

चेरीची फुलं येऊन गेल्यावर केव्हातरी ती लाइतस्तेमला आली. घरात नवे पडदे होते आणि रेडिओ मोठ्यानं लागला होता. किटबोक चुलीशी डुलक्या काढत होता. दाफीचं केलेलं जरा कच्चं, जरा खारट असायचं, पण तो भरला होता, गालांवर थोडं मांस आलं होतं. थेलिन रोज संध्याकाळी येऊन त्याचे पाय चोळून देते, असं दाफीनं सांगितलं. “शिव्या देत देत,” ती म्हणाली, “पण येते.”

जेवण झाल्यावर फिडालिया सवयीनं ताटल्या गोळा करायला उठली. दाफीनं त्या तिच्या हातातून घेतल्या. “नाह मावशी, तू बस. तू पाहुणी आहेस.”

फिडालिया बसली. हात कुठं ठेवावेत तिला कळेना, तिनं ते मांडीवर ठेवले. किटबोकनं डोळे उघडले.

“राहतेस का आज?”

“नको, बा. गाडी मिळणार नाही मग.”

“बरं,” तो म्हणाला आणि पानाची डबी तिच्याकडे सरकवली. तिनं सुपारी तोंडात टाकली, दोघं बराच वेळ चघळत बसले. मग बाहेर गाडीवाल्यानं भोंगा वाजवला तशी ती उठली.